युरोपात दोन-तीन देशांत नोकरी केलीत? पेन्शन, बेकारी भत्ता आणि विम्याचे कागद कसे जुळवायचे

पुण्याहून ऑनसाइट गेलेला माणूस दोन वर्षांनी कंपनी बदलतो, ॲमस्टरडॅममध्ये चार वर्षं काढतो आणि मग म्युनिकला जातो. पन्नाशी जवळ आली की त्याला प्रश्न पडतो, ‘आपली युरोपची पेन्शन किती झाली असेल?’ युरोपची पेन्शन अशी काही चीजच नाही, हे ऐकल्यावर बहुतेकांचा चेहरा पडतो. पेन्शन डच असते, जर्मन असते, स्पॅनिश असते. प्रत्येक देशाचं निवृत्तीचं वय, दर आणि अटी त्याच्या त्याच्याच. युरोपीय संघाने केलंय ते एवढंच, की एका देशात विमा भरलेली वर्षं दुसऱ्या देशाने मोजायची, एका वेळी एकाच देशात वर्गणी कापायची आणि कमावलेली पेन्शन माणसाने सीमा ओलांडली म्हणून अडवायची नाही.

यासाठीचा मुख्य कायदा म्हणजे नियमावली ८८३/२००४. अंमलबजावणीचे बारकावे ९८७/२००९ मध्ये आहेत. दोन्ही १ मे २०१० पासून लागू झाल्या. कल्पना मात्र जुनी आहे. १९५८ मध्ये सहा देशांचा आर्थिक समुदाय सुरू झाला, तेव्हा अगदी सुरुवातीच्या नियमांतच हा विषय होता, कारण इटलीचे मजूर बेल्जियमच्या कोळसा खाणींत राबत होते आणि त्यांच्या म्हातारपणाचं काय, हा प्रश्न तेव्हाही होताच.

भारतीय पासपोर्टवर हे लागू होतं का?

होतं, पण सरसकट नाही. नियमावली १२३१/२०१० ने १ जानेवारी २०११ पासून हे हक्क बिगर-युरोपीय नागरिकांनाही दिले. त्यासाठी दोन अटी आहेत: तुम्ही एखाद्या सदस्य देशात कायदेशीर राहत असलं पाहिजे आणि तुमचं प्रकरण एकाहून जास्त सदस्य देशांशी निगडित असलं पाहिजे. आयुष्यभर फक्त जर्मनीतच नोकरी केली आणि मग भारतात परतलात, तर या नियमांचा संबंध नाही. तिथे भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षेचा वेगळा करार बघायचा.

‘कायदेशीर राहणं’ म्हणजे किती पक्कं राहणं, यावर एक मजेशीर खटला झाला. नेदरलँड्समधल्या कंपनीसाठी बर्फावरच्या स्केटिंगचे प्रयोग करत वेगवेगळ्या देशांत फिरणाऱ्या, युरोपीय नागरिक नसलेल्या दोन कलाकारांचा तो खटला. जानेवारी २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की ते तात्पुरते पण कायदेशीर राहत आणि काम करत असतील, तर तेवढं पुरे. दोन-दोन वर्षांच्या परवान्यांवर फिरणाऱ्या आपल्या आयटीवाल्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

आता खाचखळगे. डेन्मार्क या १२३१/२०१० मध्ये सामील नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन मूळ नियमावली पाळतात, पण भारतीय नागरिकापर्यंत तिचा विस्तार करत नाहीत. म्हणजे झुरिकची तीन वर्षं आणि श्टुटगार्टची चार वर्षं भारतीय पासपोर्टवर या मार्गाने एकत्र होत नाहीत. जर्मन पासपोर्ट असलेल्या शेजाऱ्याची होतात. अन्याय वाटतो, पण नियम असा आहे.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे हे नियम व्हिसा देतात असं समजणं. जर्मनीचा निवास परवाना खिशात असला म्हणून नेदरलँड्समध्ये नोकरी करता येत नाही. आधी कामाचा हक्क, मग विम्याची जोडणी.

ऑनसाइट जाणाऱ्यांसाठी: सीओसी आणि ए-१

हे दोन कागद दिसायला भावंडं आहेत, पण घरं वेगळी.

भारतीय कंपनीने पाठवलं असेल आणि पीएफ भारतातच कापला जात असेल, तर ईपीएफओकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’, म्हणजे सीओसी घ्यायचं. ते दाखवलं की करार असलेल्या देशात पेन्शनची वर्गणी दुसऱ्यांदा कापली जात नाही. युरोपातला असा पहिला करार बेल्जियमशी २००९ मध्ये लागू झाला. नंतर जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, डेन्मार्क, स्वित्झर्लंड, हंगेरी, फिनलंड, स्वीडन, चेक प्रजासत्ताक, नॉर्वे, ऑस्ट्रिया आणि पोर्तुगाल यांच्याशी झाले. मुदत देशागणिक बदलते: बेल्जियमसाठी ६० महिने, तर जर्मनीसाठी ४८ महिने. यूएएन, पासपोर्ट, नेमणूकपत्र, परदेशी तैनातीचं पत्र आणि कंपनीचं हमीपत्र लागतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, कंपनीची सही घ्यायची आणि कंपनीची पीएफ नोंदणी ज्या कार्यालयात आहे तिथून दाखला मिळतो. विमानात बसण्याआधी हे करा. नंतर करायचं म्हटलं तर एचआर आणि पीएफ कार्यालय यांच्यात हेलपाटे, आणि तुम्ही सहा हजार किलोमीटर दूर.

सीओसीबद्दल कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट: त्या दाखल्यावर काढलेली वर्षं युरोपीय देशाच्या पेन्शनमध्ये धरली जात नाहीत. वर्गणीच भरलेली नसते ना. हातात पगार जास्त आला, पण तिथल्या खात्यावर ती दोन वर्षं कोरी. जर्मनीच्या बाबतीत आरोग्य विमाही या दाखल्यात येत नाही, त्याची वेगळी सोय करावी लागते. शिवाय जर्मनीसाठीचं सीओसी फ्रान्समध्ये चालत नाही; प्रत्येक करार स्वतंत्र.

ए-१ हा युरोपच्या आतला कागद. म्युनिकमधल्या नोकरीत असताना कंपनीने सहा महिने मिलानला पाठवलं, तर वर्गणी जर्मनीतच भरली जातेय याचा तो पुरावा. अशी तैनाती २४ महिन्यांपर्यंत चालते, पण आधी पाठवलेल्या दुसऱ्या माणसाच्या जागी तुम्हाला पाठवलेलं नसावं. अर्ज कंपनी करते. जर्मनीत सार्वजनिक आरोग्य विमा असेल तर हा अर्ज विमा कंपनीकडेच ऑनलाइन जातो. नेदरलँड्समध्ये एसव्हीबी हे कार्यालय ए-१ देतं.

घरून काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. राहायला बेल्जियममध्ये आणि कंपनी नेदरलँड्समध्ये, असे बरेच जण आहेत. दोन देशांत काम असेल आणि राहत्या देशात किमान २५ टक्के काम होत असेल, तर सगळा विमा राहत्या देशाकडे जातो, हा मूळ नियम. कोविडनंतर तो गैरसोयीचा ठरला. १ जुलै २०२३ पासून काही देशांनी आपसांत करार केला, की घरून होणारं काम ५० टक्क्यांच्या खाली असेल आणि कंपनी व कामगार दोघांचीही इच्छा असेल, तर विमा नोकरी देणाऱ्या कंपनीच्या देशात ठेवता येईल. तो आपोआप लागू होत नाही, अर्ज करावा लागतो, आणि दोन्ही देशांनी त्या करारावर सही केलेली असावी लागते.

पेन्शन: हिशोब कसा होतो

समजा, स्पेनमध्ये ५ वर्षं आणि जर्मनीत १० वर्षं नोकरी झाली. स्पेनमध्ये पेन्शनला किमान १५ वर्षं लागतात, जर्मनीत ५. जर्मनीचा हक्क स्वतःच्या बळावर झाला. स्पेनचा एकट्याने होत नाही, पण जर्मनीची १० वर्षं धरली की १५ भरतात. मग स्पेन असा हिशोब करतं: ही सगळी १५ वर्षं या माणसाने आमच्याकडेच काढली असती तर किती दिले असते? समजा, उदाहरणापुरते ६०० युरो. त्यातला स्पेनचा वाटा ५ भागिले १५, म्हणजे २०० युरो दरमहा. जर्मनी आपली पेन्शन दोन पद्धतींनी मोजतं, नुसत्या स्वतःच्या वर्षांवर आणि याच वाटणीच्या रीतीने, आणि जी जास्त ती देतं. दोन देश, दोन पेन्शनी, बँक खातं एक.

नेदरलँड्सचा हिशोब निराळा आहे. तिथली सरकारी पेन्शन पगारावर नसून तिथल्या विम्याच्या वर्षांवर आहे: प्रत्येक वर्षाला पूर्ण रकमेच्या २ टक्के. चार वर्षं राहिलात तर ८ टक्के. कंपनीची पेन्शन वेगळी, आणि तिचं पत्र कोणत्या फंडाकडून आलं होतं हे वीस वर्षांनी कुणालाच आठवत नाही. ते पत्र जपून ठेवा.

एखाद्या देशात वर्षापेक्षाही कमी काम झालं असेल आणि तेवढ्यावर तिथे हक्क उभा राहत नसेल, तर तो देश पेन्शन देत नाही. पण ते महिने वाया जात नाहीत. बाकीचे देश आपल्या हिशोबात ते धरतात. म्हणून अर्जात आठ महिन्यांची नोकरीसुद्धा लिहायची. ‘एवढ्याशाने काय होणार’ म्हणून लोक ती गाळतात.

जर्मनी सोडताना बरेच जण आणखी एक चूक करतात: वर्गणी परत मागतात. संघाबाहेर गेल्यावर २४ महिन्यांनी, अटी बसत असतील तर, ती मिळते, पण फक्त तुमच्या पगारातून कापलेला हिस्सा. मालकाने भरलेला नाही. आणि एकदा पैसे घेतले की तिथला विमा संबंध संपला. ती वर्षं मग कुठल्याच देशात मोजली जात नाहीत. तीन वर्षं जर्मनीत आणि चार नेदरलँड्समध्ये झालेल्या माणसाने परतफेड घेण्याआधी शांतपणे बसून आकडेमोड करावी. त्याची जर्मनीची ५ वर्षांची अट डच वर्षं धरून पूर्ण होऊ शकते.

अर्ज एकच करायचा: राहत्या देशाच्या पेन्शन कार्यालयात. तिथे कधीच नोकरी केली नसेल, तर शेवटची नोकरी जिथे झाली त्या देशात. ते कार्यालय बाकीच्या देशांना कळवतं. २०१९ पासून ही देवाणघेवाण ईईएसएसआय नावाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतून हळूहळू सुरू झाली. प्रत्येक देश आपला निर्णय स्वतंत्र देतो आणि शेवटी पी-१ नावाचं गोषवारा-पत्रक येतं. निवृत्तीच्या निदान सहा महिने आधी अर्ज टाका, कारण तीन देश एकमेकांना पत्रं लिहितात तेव्हा घाई फक्त तुम्हाला असते. शिवाय निवृत्तीचं वय देशागणिक वेगळं असल्याने एक पेन्शन आधी आणि दुसरी दोन वर्षांनी, असंही होतं.

नोकरी गेली तर: यू-१ आणि यू-२

यू-१ म्हणजे आधीच्या देशात किती काळ विमा होता याचा दाखला. जर्मनीत बेकारी भत्त्याला मागच्या ३० महिन्यांत १२ महिने विमा लागतो. जर्मनीत तीनच महिने झाले आणि नोकरी गेली, पण त्याआधी नेदरलँड्समध्ये १० महिने होते, तर यू-१ जोडल्यावर १३ भरतात. भत्त्याची रक्कम मात्र जर्मनीतल्या पगारावर ठरते. अट अशी, की शेवटचा विमा जिथे अर्ज करताय त्याच देशातला हवा. नुसतं यू-१ घेऊन नव्या देशात गेलं आणि भत्ता मिळाला, असं होत नाही. दाखला नेदरलँड्समध्ये यूडब्ल्यूव्ही हे कार्यालय आणि जर्मनीत सरकारी रोजगार कार्यालय देतं. नोकरीचा करार, पगारपत्रकं आणि नोकरी संपल्याचं पत्र लागतं. देश सोडतानाच मागून घ्या.

यू-२ वेगळा: भत्ता सुरू आहे आणि दुसऱ्या देशात जाऊन नोकरी शोधायची आहे, तेव्हा भत्ता सोबत नेण्यासाठीचा हा दाखला. साधारणपणे आधी चार आठवडे पहिल्या देशात नोंदणी हवी, गेल्यावर सात दिवसांत तिथल्या रोजगार कार्यालयात नाव नोंदवायचं. भत्ता तीन महिने मिळतो, तो सहापर्यंत वाढवणं देशाच्या मर्जीवर. भारतीय पासपोर्टवाल्याला इथे अडचण येते, कारण त्या दुसऱ्या देशात काम करण्याचा हक्क असेल तरच नोंदणी होते.

दवाखाना आणि मुलं

विमा एका देशात आणि राहणं दुसऱ्या देशात असेल, तर विमा असलेल्या देशाकडून एस-१ नावाचा दाखला घेऊन राहत्या देशात नोंदणी करायची. प्रवासासाठी युरोपीय आरोग्य विमा कार्ड असतं. पण भारतीय नागरिकाने ते घेऊन स्वित्झर्लंडला स्कीइंगला जाऊ नये. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन आणि डेन्मार्कमध्ये सर्वसाधारणपणे ते त्याला चालत नाही. प्रवास विमा काढा.

नवरा एका देशात आणि बायको दुसऱ्या देशात नोकरीला असेल, तर बालभत्ता आधी मुलं राहतात तो देश देतो. दुसऱ्या देशाचा दर जास्त असेल तर वरचा फरक तो देतो. मुलं आजी-आजोबांकडे नाशिकला असतील तर हे नियम लागू होत नाहीत.

कागद, भाषा आणि नाव

प्रत्येक देशाचा विमा क्रमांक, सगळे करार, प्रत्येक वर्षाचं शेवटचं पगारपत्रक, निवास परवान्यांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती आणि पत्ता नोंदवल्याचे व काढल्याचे दाखले, एवढं तरी स्कॅन करून ठेवा. डच पगारपत्रक डच भाषेत आहे म्हणून जर्मन कार्यालय ते नाकारू शकत नाही. संघाच्या कोणत्याही अधिकृत भाषेतला कागद घ्यावाच लागतो. तुमचा मराठीतला जन्मदाखला मात्र भाषांतर करूनच द्यावा लागेल.

आपल्याकडची खास अडचण नावाची. एका देशाच्या नोंदीत वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून, दुसऱ्या देशात ते पहिल्या नावाला चिकटलेलं, आणि लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर तिसरंच काही. तीन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे कार्यालयाला पटवणं तुमच्यावर येतं. विवाह दाखला आणि जुन्या पासपोर्टच्या प्रती सोबत जोडा, आणि नव्या देशात नोंदणी करताना नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहून घ्या.

एखाद्या कार्यालयाने दुसऱ्या देशातली वर्षं मोजायला नकार दिला, तर दोन वाटा आहेत. एक त्या देशातलं अपील; त्याची मुदत निर्णयाच्या पत्रातच लिहिलेली असते आणि ती चुकवू नका. दुसरी सॉल्व्हिट: देशांच्या कार्यालयांनी युरोपीय नियम मोडला तर फुकट मध्यस्थी करणारी यंत्रणा, अर्ज ऑनलाइन. प्रकरण कोर्टात गेलं असेल तर सॉल्व्हिट हात घालत नाही. आणि सॉल्व्हिटकडे तक्रार केली म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही.

भारतात परतून जर्मन पेन्शन घेणाऱ्यांना करारामुळे ती इथे मिळते. त्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला भरून पाठवावा लागतो. तो फॉर्म पत्त्यावर टपालाने येतो, म्हणून घर बदललं की आधी पेन्शन कार्यालयाला कळवा. दाखला पोचला नाही तर पैसे थांबतात.