शाम्पूची पुडी, खोबरेलाची बाटली आणि मराठवाड्याचं पाणी

महागडा शाम्पू घ्यावा की स्वस्तातला, हा प्रश्न मराठवाड्यात बहुतेकदा एका तक्रारीतून निघतो: "इथल्या पाण्यानं केस गळतात." क्लाससाठी लातूरला येऊन वसतिगृहात राहिलेली मुलं असं म्हणतात. बदली होऊन संभाजीनगरला आलेले नोकरदारही म्हणतात. बोअरवर चालणाऱ्या नव्या वसाहतींत तर हे रोजचंच बोलणं. तक्रार अर्धी खरी आहे. बाटलीवरच्या किमतींमागची गोष्ट समजून घ्यायची, तर आधी या खऱ्या अर्ध्याकडे वळावं लागतं.

मराठवाड्याचा बहुतांश भाग काळ्या कातळावर, म्हणजे बेसाल्टवर आहे. या खडकाच्या भेगांतून मुरलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊनच वर येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अशा क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे. दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. खोल बोअर पहिली मर्यादा सहज ओलांडतं. त्यासाठी प्रयोगशाळा गाठायची गरज नाही. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ दाणेदारच राहते, पाणी तापवायच्या रॉडवर पांढरी खपली धरते, स्टीलचा तांब्या आतून धुरकट होतो. पाठ्यपुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात, घरात जड पाणी.

या पाण्यात साबणाचं काही चालत नाही. साबण म्हणजे तेलातल्या स्निग्धाम्लांचं मीठ. क्षारांशी गाठ पडली की त्याचा फेस होण्याऐवजी न विरघळणारी चिकट मळी होते. अंगावरून ती चोळून काढता येते. लांब केसांत मात्र अडकते आणि वाळली की केस सुतळीसारखे राठ लागतात.

शिकेकाई आणि रिठ्याचं तसं नाही. त्यांत सॅपोनिन असतात. तेही फेस करतात, मळ सोडवतात, पण क्षारांशी मळी करून बसत नाहीत. त्यामुळे आड-विहिरीच्या जड पाण्यावर न्हाणाऱ्या बायकांनी शिकेकाई धरून ठेवली, यात परंपरेइतकाच व्यवहारही होता. आठवडी बाजारातून किंवा काष्ठौषधींच्या दुकानातून शेंगा आणायच्या, रिठ्याच्या बिया फोडून काढायच्या, आवळकाठी आणि नागरमोथा घालायचा, सगळं कडक उन्हात वाळवायचं. दळायला पिठाच्या जात्यावर कुणी घेत नाही, कारण पुढच्याच्या ज्वारीला कडू वास लागतो आणि गिरणीवाला शिंकून बेजार होतो. म्हणून "शिकेकाई दळून मिळेल" अशी वेगळी पाटी असलेली गिरणी शोधायची. न्हायच्या दिवशी पाणी उकळायचं, गाळायचं, डोळे घट्ट मिटून चोळायचं आणि केसांतला चोथा निघेपर्यंत घागरीमागून घागर ओतायची. हे सगळं "फुकटात" होत असे, असं आज सांगणारे बहुधा पुरुष असतात.

मग शिकेकाईच्या नावाची साबणवडी आली. दळणाचा खटाटोप वाचला, पण साबणच तो; जड पाण्यात त्याची पुन्हा तीच मळी. इथला नेमका अडसर दूर केला तो शाम्पूने, आणि त्याचं मूळ सौंदर्यात नसून धुण्याच्या पावडरीत आहे. 1930 च्या सुमारास जर्मनीत आणि अमेरिकेत जड पाण्यातही फेस देणारी कृत्रिम धुलाईद्रव्यं तयार होऊ लागली. प्रॉक्टर अँड गॅम्बलने 1933 मध्ये त्यातून ड्रेफ्ट ही कपड्यांची पावडर काढली आणि 1934 मध्ये ड्रीन हा शाम्पू. आज रुपयाच्या पुडीत आणि हजाराच्या बाटलीत जे सोडियम लॉरेथ सल्फेट सापडतं, ते याच घराण्यातलं.

पण ते मराठवाड्यात पोचायला अर्धशतक लागलं. शाम्पू बाटलीत मिळायचा, बाटली चैनीची मानली जायची आणि चैनीवर सरकारचा अबकारी करही तगडा होता. जिल्ह्याच्या गावी औषधाच्या दुकानात काचेच्या कपाटात दोन-चार बाटल्या दिसत. घेणारे डॉक्टर, वकील आणि लग्नघर. महाग विरुद्ध स्वस्त हा वाद तेव्हा नव्हताच, कारण स्वस्त असं काही नव्हतं.

ते आलं तमिळनाडूतून. कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी बाटलीतला माल छोट्या पुडीत विकण्याची कल्पना धरली आणि त्यांच्या कुटुंबाचा व्हेलव्हेट शाम्पू पुडीत आला. 1983 मध्ये त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन घरच्या धंद्यातून बाहेर पडले आणि 15 हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी चिक शाम्पू काढला. कोणत्याही कंपनीच्या रिकाम्या पुड्या आणा आणि चिकची एक पुडी फुकट न्या, ही त्यांची शक्कल. गिऱ्हाईक हाती लागल्यावर ती सवलत फक्त चिकच्याच पुड्यांना ठेवली. पुढे पन्नास पैशांची पुडी आली आणि मोठ्या कंपन्यांना त्या भावाच्या आसपास उतरावंच लागलं.

किराणा दुकानात पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या आणि रोजगारावर जाणाऱ्या बाईला पहिल्यांदाच न्हायच्या दिवसापुरता शाम्पू घेता आला. आठवड्याला पगार, आठवड्याला बाजार, आठवड्याला एक पुडी: हिशोब बसला. पाणी इथे पुन्हा आडवं येत नव्हतं, उलट त्याची टंचाई शाम्पूच्या मदतीला होती. शिकेकाईच्या चोथ्याला चार घागरी लागत तिथे शाम्पू दोन-तीन तांब्यांत निघतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. 12 तारखेला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात कोणता शाम्पू चांगला यापेक्षा कोणता लवकर निघतो हे महत्त्वाचं होतं. न्हाऊन वर कंडिशनर लावा आणि पुन्हा धुवा, हा सल्ला नळाला रोज पाणी येणाऱ्या शहरातून निघालेला आहे.

पुडीने आणखी एक गंमत करून ठेवली, जी अजून चालू आहे. जगभर मोठा नग घेतला की भाव उतरतो. शाम्पूच्या बाबतीत आपल्याकडे उलटं. रुपयाच्या पुडीत पाच-सहा मिलि धरले तर शंभर रुपयांत अर्धा लिटर होतो. त्याच नावाची अर्ध्या लिटरची बाटली तेवढ्यात मिळत नाही. पुडीवर कंपन्यांची भावाची कापाकापी असते, बाटली घेणारा भाव मोजत बसत नाही असं गृहीत धरलेलं असतं. म्हणजे "महाग" आणि "बजेट" हा फरक कितीदा तरी एकाच द्रवाच्या दोन वेष्टनांतला असतो. या माळांचं प्लॅस्टिक गावच्या गटारीत जातं, हा पुडीचा न मोजलेला भाव.

तेलाची कथा वेगळी, पण तीही वेष्टनाची आणि कराची. नारळ मराठवाड्यात पिकत नाही. इथली जुनी गळिताची पिकं करडई, तीळ, जवस, भुईमूग. खोबरं आणि खोबरेल बाहेरचंच. बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये लातूरला पोचली, 1917 मध्ये गंजगोलाई उभी राहिली आणि बाहेरचा माल सोळा रस्त्यांच्या त्या बाजारातून खेड्यांत जाऊ लागला. खोबरेल सुटं, डब्यातून मापाने घ्यायचं. भेसळीची शंका कायमची. पॅराशूटच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात पत्र्याच्या डब्याऐवजी प्लॅस्टिकची बाटली आणायची ठरवली, तेव्हा दुकानदार तयार होईनात, कारण आधीच्या चौकोनी बाटल्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. मग दात धरायला कोपरा राहू नये म्हणून गोल बाटली केली आणि ती उंदरांच्या पिंजऱ्यात ठेवून दाखवली. निळ्या बाटलीवर "खाद्यतेल" छापलेलं असतं, त्याचं कारण कर: जीएसटीत खाद्यतेलाला 5 टक्के, केसांच्या तेलाला सप्टेंबर 2025 पर्यंत 18. अनेक वर्षं चाललेल्या या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये सांगितलं की केशतेल म्हणून विकलं जात नसेल, तर छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेलही खाद्यतेलच.

खोबरेलाच्या बाजूने एक चांगला पुरावा आहे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेले आणि मोहिले यांच्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना होती. धुण्यात केसातलं प्रथिन निघून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. संशोधक मॅरिकोचे, म्हणजे पॅराशूट विकणाऱ्या कंपनीचेच, हे लक्षात ठेवूनही अभ्यास नीट केलेला आहे. आता "हलकं, न चिकटणारं" म्हणून दुपटीने विकली जाणारी, बदामाचं चित्र असलेली बाटली फिरवून मागे वाचा. पुष्कळदा सुरुवातीलाच लिक्विड पॅराफिन, म्हणजे तेच खनिज तेल, दिसेल. इथे महाग वस्तू स्वस्तापेक्षा सरळ कमी कामाची आहे, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

शाम्पूत मात्र इतकं सोपं नाही. महाग बाटलीत कधी सौम्य आणि खरोखर महाग धुलाईद्रव्यं असतात, चांगले सिलिकॉन असतात. रंगवलेल्या किंवा सरळ करून घेतलेल्या केसांना त्यांचा फायदा होतो. जाहिरातीतली जीवनसत्त्वं बरीचशी मिनिटभराने मोरीतून वाहून जातात. जड पाण्यासाठी पाहायचा शब्द एकच: ईडीटीए. हे द्रव्य क्षारांना बांधून ठेवतं आणि ते पुडीतल्या शाम्पूतही असू शकतं. शेवटच्या तांब्यात लिंबू पिळणं किंवा ताकाने केस धुणं ही आजीची पद्धत त्याच कामाची, कारण आम्लाने क्षारांचा थर सुटतो. कोंड्यासाठी किटोकोनॅझोलचा शाम्पू औषधाच्या दुकानात मिळतो. तो सलूनच्या बाटलीपेक्षा बहुधा स्वस्तच पडतो, फक्त त्यावर फुलं काढलेली नसतात.

राहिली तक्रारीची दुसरी अर्धी बाजू. जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, विंचरताना तुटतात. मुळापासून गळणं ही वेगळी गोष्ट. रोज पन्नास ते शंभर केस गळणं सामान्यच आहे. ताप, जागरण, परीक्षेचा ताण, मेसचं निकस जेवण, मुलींमधलं रक्त कमी असणं यांनी केस दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात, म्हणजे बरोबर तेव्हाच, जेव्हा नव्या गावाच्या पाण्यावर बोट ठेवणं सोपं असतं. जालन्याला लागूनच असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यात, 2024 च्या अखेरीस गावंच्या गावं अचानक टकली होऊ लागली, तेव्हाही पहिला संशय पाण्यावर गेला. नंतर डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासात गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं गेलं. पण पाण्याचं निमित्त धरून संभाजीनगर-नांदेडच्या सलूनांत हजारोंची केराटिन ट्रीटमेंट आणि घरोघर शॉवरचे फिल्टर खपू लागले आहेत. नळाला अडकवलेला छोटा फिल्टर क्लोरीन कमी करू शकतो. पाणी सुफेन, म्हणजे क्षार काढून हलकं, करणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

कराचं चक्र मधल्या काळात उलटं फिरलं. जीएसटी लागू झाला तेव्हा, जुलै 2017 मध्ये, शाम्पूवर 28 टक्के होता, त्याच नोव्हेंबरात 18 झाला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून शाम्पू आणि केशतेल दोन्ही 5 टक्क्यांत आले. शंभराची बाटली त्या हिशोबाने साधारण एकोणनव्वदला यायला हवी. रुपयाच्या पुडीचे एकोणनव्वद पैसे होतात, आणि ते सुटे ना दुकानदाराकडे आहेत ना गिऱ्हाइकाकडे. तिथे फायदा द्यायचा तर पुडीत थोडे मिलि जास्त भरूनच. ते भरले की नाही, हे पुडीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं.