यादीतलं औषध आणि पूर्वपात्र औषध

एखाद्या औषधाला ‘डब्ल्यूएचओची मान्यता’ आहे असं कुणी म्हणालं, की आधी विचारावं: कसली मान्यता? जागतिक आरोग्य संघटनेची अत्यावश्यक औषधांची यादी वेगळी आणि प्रीक्वालिफिकेशन, म्हणजे पूर्वपात्रता, वेगळी. बातम्यांत दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.

यादी पहिल्यांदा १९७७ मध्ये निघाली. तज्ज्ञ समिती दर दोन वर्षांनी तिची उजळणी करते. आजार किती पसरलाय, औषध लागू पडतं याचा पुरावा काय, धोका किती, खर्चाच्या मानाने फायदा किती, हे पाहून औषध आत येतं. कधी बाहेरही जातं. बाळंतपणातला रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनची नोंद पाहा: इंजेक्शन, १ मिलिलिटरमध्ये १० आंतरराष्ट्रीय युनिट. कंपनी कोणती, कारखाना कुठला, याचा पत्ता नाही. शिवाय ही यादी म्हणजे नुसता नमुना. देश त्यावरून आपापली यादी ठरवतात.

पूर्वपात्रतेत सगळा भर उत्पादकावर. लसींसाठी ती आधीपासून होती. औषधांसाठी २००१ मध्ये एचआयव्ही, क्षय आणि मलेरियापासून सुरुवात झाली. कंपनी आपणहून अर्ज करते, कागदपत्रांचा गठ्ठा सादर करते. मग कारखान्याची तपासणी होते. जेनेरिक गोळी असेल, तर ती मूळ औषधाइतकीच रक्तात उतरते का, याच्या चाचण्या पारखल्या जातात. युनिसेफसारख्या संस्था खरेदी करताना या शिक्क्यावर भिस्त ठेवतात.

शिक्का कायमचा मात्र नसतो. २००४ मध्ये एचआयव्हीची काही जेनेरिक औषधं पूर्वपात्र उत्पादनांमधून काढली गेली. अडचण होती ती रक्तातल्या प्रमाणाची चाचणी करणाऱ्या कंत्राटी प्रयोगशाळांच्या कामात. ते निकषांना उतरलं नव्हतं. एचआयव्हीवरचं लॅमिवुडिनसारखं औषध अत्यावश्यक यादीत मात्र होतं तिथेच राहिलं. साहजिकच आहे, औषधाच्या गुणाबद्दल कुणाची तक्रारच नव्हती.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतील असंही नाही. स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रास्टुझुमॅब यादीत आलं २०१५ मध्ये; त्याच्या पहिल्या बायोसिमिलरला, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या जवळपास तशाच जैविक औषधाला, पूर्वपात्रता मिळाली २०१९ च्या डिसेंबरात. इन्सुलिन तर १९७७ च्या पहिल्याच यादीत होतं, पण त्याच्या उत्पादकांना पूर्वपात्रतेचं दार उघडलं तेही २०१९ मध्येच. माझ्या मते टाळ्या यादीला पडतात, पण खरेदी करणाऱ्याची कोंडी होते ती या मधल्या वर्षांत: औषध हवं हे ठरलेलं, घ्यायचं कुणाकडून हे अधांतरी.

शिक्का नाही म्हणून माल वाईट, असं मात्र समजू नये. पूर्वपात्रतेसाठी ठरावीक गटांतल्याच उत्पादनांचे अर्ज मागवले जातात, त्यामुळे यादीतल्या कितीतरी औषधांना पूर्वपात्र उत्पादन मुळातच नाही. आणि विक्रीचा परवाना या दोन्हींपैकी कशानेच मिळत नाही. तो त्या त्या देशाचा औषध नियामक देतो.