बटण दाबण्याआधीच निघालेला फोटो

आपण बटण दाबलं त्याच क्षणाचा फोटो निघाला, असं आपण धरून चालतो. अनेक स्मार्टफोनमध्ये तसं होत नाही. कॅमेरा अ‍ॅप उघडलं की फोन लगेच फ्रेममागून फ्रेम टिपायला लागतो. नव्या येतात तशा जुन्या पुसल्या जातात. बोट टेकलं की तो हाताशी असलेल्या काही फ्रेम उचलतो, एकमेकींवर नेमक्या बसवतो आणि त्यातून एक फोटो बनवतो. व्यावसायिक फोटोग्राफरच्या पोटावर पाय आला तो मेगापिक्सेल वाढल्यामुळे नव्हे, या बेरजेमुळे, असं माझं मत आहे.

कमी उजेडात कोणत्या पिक्सेलवर किती फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पडतील, यात बरीच अनिश्चितता असते. फोटोतला दाणेदारपणा, म्हणजे नॉइज, मुख्यतः तिथून येतो. सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, मोठा असेल तर प्रकाश जास्त गोळा होतो आणि ही अनिश्चितता झाकली जाते. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर 36 × 24 मिलिमीटरचा असतो. बहुतेक फोनमधला त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. ही उणीव फोन गणिताने भरून काढतो. एकाच दृश्याच्या 9 फ्रेमची सरासरी घेतली की नॉइज एक तृतीयांशावर येतो, 16 घेतल्या तर एक चतुर्थांशावर. मधल्या वेळात हात हलतो, कुणीतरी मान वळवतं. मग जो तुकडा जुळत नाही तो सॉफ्टवेअर त्या बेरजेतून वगळतं. गुगलने 2018 मध्ये पिक्सेल फोनवर ‘नाइट साइट’ हे फीचर आणलं आणि अंधारातला फोटो ट्रायपॉडशिवाय, हातात फोन धरून निघू लागला.

अशा अवघड उजेडात ‘फोटो नीट येणं’ हेच पूर्वी पैसे मोजण्याचं कारण होतं. ‘शिकागो सन-टाइम्स’ या अमेरिकी दैनिकाने तर 2013 मध्येच आपले सगळे, म्हणजे 28, पूर्णवेळ फोटोग्राफर कमी केले आणि वार्ताहरांना आयफोनवर फोटो काढायला शिकवलं.

जे टिकले त्यांचंही काम बदललं. फिल्मच्या रोलमध्ये 36 फोटो मावत. सोनीचा ए९ थ्री हा कॅमेरा सेकंदाला 120 फ्रेम घेऊ शकतो, म्हणजे तीन सेकंदांत दहा रोल! डोळा ओळखून फोकस तिथेच धरून ठेवणं हेही कॅमेराच करतो. मग खरी मेहनत उरते ती निवडीत. तिथेही डोळे मिटलेले, फोकस हुकलेले फोटो बाजूला काढणारी सॉफ्टवेअर आली आहेत. मला यात एक काळजी वाटते. निवड आणि रीटचिंग ही उमेदवारीच्या काळातली कामं. हजारो फसलेले फोटो बघून नजर तयार होते. तीच यंत्राकडे गेली तर नवखा शिकणार कुठे?

दुसरीकडे, फोटो खरा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी नव्याने अंगावर आली आहे. 2023 मध्ये जर्मन फोटोग्राफर बोरिस एल्डाग्सन यांना सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये पारितोषिक जाहीर झालं. चित्र एआयने बनवलेलं आहे असं सांगून त्यांनी ते नाकारलं. त्याच वर्षी आलेला लायका एम११-पी हा कॅमेरा फोटो काढतानाच फाइलला डिजिटल सही जोडतो. फाइलमधल्या आकड्यांवरून एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि कॅमेऱ्यातली गुप्त किल्ली त्यावर सही करते. नंतर एक पिक्सेल जरी बदलला, तरी ठसा जुळत नाही. रंग सुधारणं किंवा कडा कापणं असे बदल करायचे असतील, तर त्यांची नोंद नव्या सहीसह मागे जोडता येते.

फाइल कोणत्या कॅमेऱ्यातून आली, हे सही सांगते. कॅमेऱ्यासमोर काय होतं, हे मात्र सांगत नाही. एआयने बनवलेलं चित्र मोठ्या स्क्रीनवर लावून त्याचा फोटो काढला, तरी सही अस्सलच उमटेल. म्हणून सोनीने आपल्या पडताळणीत दृश्याच्या खोलीची (डेप्थ) माहितीही जोडली आहे: समोरचं दृश्य खरोखर त्रिमितीय होतं की सपाट पडदा, हे त्यावरून तपासता येतं.