जुन्नर-शिरूरचा बिबट्या आणि 'पिंजरा लावा'ची पंचवीस वर्षं

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीन आठवड्यांत बिबट्यानं तीन जीव घेतले. आधी एक लहान मुलगी गेली, मग एक म्हातारी आजी आणि २ नोव्हेंबरला एक शाळकरी मुलगा. तिसऱ्या मरणाला गावाचा बांध फुटला, वनखात्याची गाडी पेटली, बेस कॅम्प जळाला, दुसऱ्या दिवशी मंचरला पुणे-नाशिक हायवे तासन्‌तास बंद. बाहेरच्यांना हे एका दिवसात भडकल्यासारखं वाटलं, पण जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत हा राग २००१ पासून साचत आलाय.

त्याआधीचं थोडक्यात. इंग्रजांच्या काळात बिबट्या मारला की सरकार बक्षीस द्यायचं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली. दरम्यान कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. कालव्याला पाणी आलं आणि बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात असतो, आत गारवा, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री, गोठ्यात शेळ्या-वासरं, मग बिबट्याला डोंगरात परत जायचं कारणच काय? मादी उसातच विते. तोडणी सुरू झाली की फडात पाचटाखाली मांजराएवढी पिल्लं सापडतात, मजूर कोयता खाली ठेवून लांब होतात, मग फॉरेस्टवाले येऊन पिल्लं क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि रात्रीत आई एकेक उचलून नेते. ही पिल्लं मोठी होतात तेव्हा त्यांच्या लेखी जंगल म्हणजे ऊसच, त्यामुळे 'जंगलातून गावात शिरला' हे वाक्य इथं मुळात लागूच पडत नाही.

आता २००१ ते २००३. माझ्या मते सगळ्या गुंत्याची मुळी इथं आहे, आणि बातम्यांत तिला दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत. हल्ले वाढतायत म्हणून लोकांनी पिंजरे मागितले आणि वनखात्यानं मोठ्या प्रमाणावर बिबटे धरले. दोन-तीन वर्षांत शंभरच्या वर धरले गेले आणि त्यातले बरेचसे घाटाकडच्या जंगलात, काही तर दुसऱ्या जिल्ह्यांतल्या अभयारण्यांत नेऊन सोडले. वरकरणी यात वावगं काही नव्हतं, लोकही खूश आणि जनावरही जिवंत. पण नंतर अभ्यासकांनी जुन्नर वनविभागाच्या नोंदी मांडल्या तेव्हा चित्र उलटं निघालं. ही मोहीम सुरू व्हायच्या आधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले आणि त्यात जीव जाण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्के झालं. जिथं नेऊन सोडले त्या जंगलांच्या कडेच्या गावांतही हल्ले सुरू झाले.

असं का झालं असावं? बिबट्या आपल्या हद्दीला चिकटून राहतो, त्यातला प्रत्येक ओढा, प्रत्येक गोठा, माणसं कधी कुठं असतात ते सगळं त्याला पाठ असतं. त्याला उचलून परक्या मुलखात टाकलं की तो एकतर घराची वाट धरतो नाहीतर भुकेला आणि बिथरलेला अनोळखी वस्त्यांमधून फिरत राहतो, पिंजऱ्यात माणसांच्या गर्दीत काढलेले दिवस वेगळेच. इकडे मोकळ्या झालेल्या हद्दीत नवा, बहुतेक वेळा तरणा बिबट्या येऊन बसतो. म्हणजे गावकऱ्यांच्या दृष्टीनं पिंजरा लागला, वाघ गेला (आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात), आणि महिन्याभरात वाघ परत आला. लोकांनी त्याचा अर्थ 'फॉरेस्टवाले बिबटे आणून सोडतात' असा लावला. हा संशय अजून गेलेला नाही आणि तो पूर्ण खोटा आहे असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, कारण एके काळी बिबटे खरंच इकडून तिकडे नेऊन सोडले जात होते. २०११ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी असं लांब नेऊन सोडणं टाळायला सांगितलं. मग धरलेल्यांचं करायचं काय, तर माणिकडोहचं बिबट्यांचं निवारा केंद्र, जे कधीच भरून गेलंय.

दुसरा घोळ 'नरभक्षक' या शब्दाचा. कायद्यात हा शब्दच नाही, तिथं 'मानवी जीवितास धोकादायक' असं आहे आणि धरणं, बेशुद्ध करणं, हलवणं यातलं काहीच शक्य नसेल तरच मारायची परवानगी देता येते. गावात मात्र एक माणूस गेला की तो नरभक्षक. रात्री उसाला पाण्याची दारं धरायला वाकलेला माणूस, खुरपायला बसलेली बाई, अंगणात खेळणारं पोर, यांची उंची बिबट्याच्या नेहमीच्या भक्ष्याएवढी दिसते, त्यामुळे एखादा हल्ला गफलतीतूनही होतो आणि तोच बिबट्या पुन्हा माणसाच्या वाटेला जाईलच असं नाही. पण ज्या घरातलं लेकरू गेलंय त्या घराला हा फरक समजावून सांगायची माझी हिंमत नाही. हा फरक आडवा येतो तो पिंजऱ्यात बिबट्या सापडल्यावर, कारण तो 'तोच' आहे का हे त्या क्षणी कुणालाच ठाऊक नसतं, त्यासाठी ठसे आणि नमुने तपासावे लागतात. गर्दीला तेवढा वेळ नसतो आणि खात्यालाही गर्दीपुढे तेवढा वेळ मिळत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तेच झालं. ठार मारायची परवानगी निघाली, शूटर आले, बेशुद्धीचा डार्ट चुकल्यावर गोळी घातल्याचं सांगितलं गेलं आणि मेलेला बिबट्या आधी गावकऱ्यांना दाखवून मग माणिकडोहला नेला. नंतरच्या काही आठवड्यांत घोषणांचा पाऊस पडला, शेकड्यांनी पिंजरे, प्रायोगिक नसबंदी, बिबटे राज्याबाहेर पाठवणं, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीतून खाली आणण्याची मागणी, जंगलात शेळ्या सोडण्याचीसुद्धा भाषा झाली. त्याआधीच या चार तालुक्यांतली २३३ गावं बिबट्याच्या आपत्तीसाठी संवेदनशील ठरली होती, मृताच्या वारसाला मदतही २५ लाखांवर गेली होती.

एक मागणी मात्र दरवेळी मागे पडते, दिवसा विजेची. शेतीला थ्री फेज लाईट पाळीपाळीनं येते, रात्रपाळी असली की मोटर चालू करायला आणि उसाला पाणी द्यायला माणसाला अंधारातच जावं लागतं, हातात बॅटरी, खिशात मोबाईलवर गाणी लावलेली, म्हणजे आवाजानं वाघ लांब राहील. पिंपरखेडला तर बायामाणसं शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालायला लागली. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात बांधतो, तसलेच ते पट्टे.