वृद्धांची शुश्रूषा व सुरक्षितता (सांगली जिल्हा)

वयोमानाने शरीराची राखीव ताकद घटलेल्या माणसाची रोजची देखभाल, आजारपणातील सेवा आणि अपघातांपासून जपणूक, या तिन्हींना मिळून वृद्ध शुश्रूषा म्हणतात. कायद्याने 60 वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते. शुश्रूषेच्या दृष्टीने मात्र माणूस स्वतः उठून मोरीपर्यंत जाऊन येतो का, ही खूण वयाच्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगाची आहे.

सांगली जिल्ह्याला रुग्णसेवेची जुनी परंपरा आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत 1894 मध्ये रुग्णालय सुरू केले आणि 1962 मध्ये तिथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. आजही दूरदूरचे रुग्ण मिरजेला येतात. पण शस्त्रक्रिया आठवड्याभरात आटोपते आणि शुश्रूषा पुढे महिनोन् महिने घरात चालते. खानापूर, आटपाडी भागांतील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभरच्या शहरांत पांगलेले आहेत, आणि गावी मोठ्या घरात अनेकदा आई-वडील दोघेच असतात. तिथे सत्तरीची बायको अठ्ठ्याहत्तरीच्या नवऱ्याला उचलते, पुसते, भरवते. या जिल्ह्यातील वृद्ध शुश्रूषेचा खरा भार अशा हातांवर आहे.

पडणे. म्हातारपणी घरात होणारा सर्वांत घातक अपघात हाच. तो बहुधा रात्री लघवीला उठताना किंवा सकाळी मोरीत होतो. जुन्या घराचा उंच उंबरा, साबणाने बुळबुळीत झालेली शहाबादी फरशी, पायात येणारे लुगडे, मोतीबिंदूची नजर ही कारणे डोळ्यांना दिसतात. न दिसणारे कारण म्हणजे एकदम उभे राहताच रक्तदाब उतरणे. रक्तदाबाच्या, लघवीच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी हा धोका वाढतो. म्हणून जाग आल्यावर बाजेच्या कडेला पाय सोडून मिनिट-दोन मिनिटे बसावे, मगच उठावे. रात्रभर एक बारीक दिवा, मोरीच्या भिंतीत पक्का बसवलेला दांडा आणि बसायला घट्ट स्टूल यांना फार पैसा लागत नाही. कापडी पायपुसणे मात्र काढून टाकावे.

पडलेल्या माणसाला बगलेत हात घालून ओढून उठवू नये. एक पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळले असेल आणि पाय टेकवता येत नसेल, तर खुब्याचे हाड मोडल्याची शंका घ्यावी व पाय न हलवता 108 ला फोन करावा. ‘मुरगळलं असंल’ म्हणून तेल लावून चोळण्यात किंवा हाडवैद्याकडे नेण्यात दिवस जातात. शस्त्रक्रिया लांबली की माणूस अंथरुणाला खिळतो आणि न्यूमोनिया व शय्याव्रण (पडून राहून होणारी जखम) यांना वाट मिळते.

शय्याव्रण. एकाच कुशीवर पडून राहिल्याने हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्त पोचत नाही आणि मांस मरते. माकडहाड, खुबा, टाचा आणि खांद्याची पाती या त्याच्या जागा. पहिली खूण म्हणजे बोट दाबून सोडले तरी न जाणारी लाली. सावळ्या कातडीवर ती लपते, तिथे ऊब किंवा कडकपणा हाताने चाचपावा लागतो. दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीमागे उशी देऊन अंग तिरके ठेवणे आणि टाचा अधांतरी ठेवणे हा मुख्य उपाय आहे. हवेच्या गादीने मदत होते, पण ती घेतली म्हणून कूस बदलणे थांबवता येत नाही. लाल झालेली जागा चोळू नये, खालची नाजूक ऊती फाटते. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने 1962 मध्ये धोका मोजण्याची गुणपट्टी दिली. ती पाच गोष्टींवर गुण देते: शरीराची अवस्था, मनाची अवस्था, चालणे, अंथरुणात हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा. एकूण 20 पैकी 14 किंवा कमी गुण आले की विशेष काळजी सुरू करायची.

अचानक बरळणे. कालपर्यंत शुद्धीत बोलणारी आजी आज माणसे ओळखत नाही, रात्रभर ओरडते. घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ हे निदान चुकीचे आहे. एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ म्हणजे आजाराची सूचना: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम घटणे, साखर उतरणे, अंगातले पाणी कमी होणे, तुंबलेली लघवी किंवा नवी गोळी. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अशा माणसाचे हात बाजेला बांधण्याची पद्धत घरांत आढळते. बांधल्याने धडपड वाढते, इजा होते आणि माणसाचा मान जातो. ओळखीचे माणूस जवळ बसणे, चष्मा व श्रवणयंत्र लावून देणे आणि दिवसा खिडकी उघडी ठेवणे यांचा गुण अधिक येतो.

औषधे व अन्न. तासगावच्या द्राक्षपट्ट्यात गोळीही ‘औषध’ आणि बागेवर फवारायचे तेही ‘औषध’. नजर मंदावलेल्या घरात ही दोन्ही एका कोनाड्यात कधीही असू नयेत. मधुमेहींनी एकादशीचा उपास धरताना गोळी किंवा इन्सुलिनचे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारावे. म्हाताऱ्या माणसात साखर उतरल्याची लक्षणे घाम-थरथरीऐवजी नुसत्या गुंगीने येऊ शकतात. जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात वीज गेली, तर इन्सुलिन बाटलीसकट कोरड्या पिशवीत घालून माठाच्या गारव्यात ठेवावे. बर्फात ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन वाया जाते. तहान वयाबरोबर मंदावते, म्हणून मागायची वाट न पाहता पाणी द्यावे. भरवताना माणूस ताठ बसलेला असावा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये.

पूर. कृष्णाकाठी ही शुश्रूषेची स्वतंत्र बाजू आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शेवटच्या होडीत चढवणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून 40 फुटांच्या इशारा पातळीलाच, रस्ता कोरडा असताना, त्याला हलवावे. सोबत पंधरा दिवसांची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, चष्मा, कवळी, काठी आणि पॅडचे पुडे असावेत. निवारा केंद्रात जमिनीवर झोपलेल्या वृद्धाला उठताच येत नाही, त्याला बाज किंवा खुर्ची मागून घ्यावी.

कायदा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007 नुसार मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा अर्ज न्यायाधिकरणाकडे करता येतो. वृद्धांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी 14567 आहे.

सेवा करणारी व्यक्ती. तिचा मणका, तिची झोप आणि तिच्या स्वतःच्या गोळ्या यांकडे पाहणे हा शुश्रूषेचाच भाग आहे. आडवी घडी घातलेली चादर रुग्णाच्या कमरेखाली सरकवली की दोन माणसे दोन बाजूंनी धरून, पाठ न मोडता, त्याला वर सरकवू शकतात. रुग्णालयातून घरी सोडताना सूचनांचा कागद बहुधा परगावाहून आलेल्या मुलाच्या हाती पडतो, आणि तो चार दिवसांत परत जातो. कूस बदलणे, नळी धुणे, भरवणे हे घरी जी करणार आहे, तिला ते सिस्टरने वॉर्डातच शेजारी उभे राहून एकदा स्वतःच्या हाताने करायला लावावे.