ओसवाल्डचा नेम: तीन गोळ्या, दोन मध्यांतरं

दरवर्षी २२ नोव्हेंबर जवळ आला की तोच दावा पुन्हा फिरू लागतो. जुनाट बोल्ट रायफल, धावती मोटार, तीन गोळ्या आणि वेळ फक्त ५.६ सेकंद, ली हार्वे ओसवाल्डला हे जमणंच शक्य नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या १९६३ मधल्या हत्येबद्दल वाद घालण्यासारखं पुष्कळ आहे, पण हा दावा मोजून पाहता येतो.

५.६ सेकंद आले तो प्रसंग चित्रित करणारे प्रेक्षक अब्राहम झाप्रुडर यांच्या आठ मिलिमीटर कॅमेऱ्यातून. तो सेकंदाला सरासरी १८.३ चौकटी (फ्रेम) टिपत होता. डोक्याला लागलेली गोळी ३१३व्या चौकटीत दिसते. त्याआधीची, पाठीत वरच्या बाजूला लागलेली गोळी हत्येची चौकशी करणाऱ्या सरकारी वॉरन आयोगाने २१० ते २२५ या चौकटींदरम्यान धरली. ३१३ मधून २१० वजा केले की १०३ चौकटी, म्हणजे ५.६ सेकंद. पण हा वेळ लागलेल्या दोन गोळ्यांमधला आहे! चुकलेली गोळी १६०व्या चौकटीच्या सुमारास, सगळ्यांत आधी सुटली असं धरलं, तर एकूण वेळ ८.४ सेकंदांवर जातो. शिवाय घड्याळ पहिल्या गोळीलाच सुरू होतं. तीन खांबांमध्ये अंतरं दोनच असतात, तसा बोल्टही दोनदाच ओढायचा असतो.

रायफल होती इटालियन कारकानो, ६.५ मिलिमीटरची. बोल्टची मूठ वर उचलायची, पूर्ण मागे ओढायची, की रिकामी पुंगळी बाहेर उडते. पुढे ढकलली की नवं काडतूस नळीत बसतं, मग मूठ खाली. एफबीआयच्या चाचणीत याला नेमासकट किमान २.३ सेकंद लागले. घाईत बोल्ट अर्धवट ओढला, तर पुंगळी अडकते. गाल दस्त्यावरून उचलला, तर रायफलवरच्या दुर्बिणीतलं चित्र हरवतं आणि ते पुन्हा शोधण्यात वेळ जातो. लष्कराच्या निष्णात नेमबाजांनीही या रायफलच्या जड बोल्टबद्दल आणि दोन टप्प्यांत दबणाऱ्या चापाबद्दल तक्रार केली होती.

आता धावत्या मोटारीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. मोटारीचा वेग होता ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. शेवटच्या गोळीच्या वेळी अंतर होतं सुमारे ८१ मीटर. नळीतून सेकंदाला साधारण ६६० मीटर वेगाने सुटलेल्या गोळीला तिथे पोचायला ०.१३ सेकंद लागतात. तेवढ्यात मोटार ६५ सेंटीमीटर पुढे सरकते. मोटार समोरून आडवी जात असती, तर नेम ६५ सेंटीमीटर पुढे धरावा लागला असता. नेमबाज याला लीड म्हणतात.

पण डॅलसच्या एल्म स्ट्रीटवर मोटार आडवी जात नव्हती. ओसवाल्ड जिथे होता त्या पुस्तकांच्या गोदामाच्या सहाव्या मजल्याच्या खिडकीतून पाहता ती जवळजवळ नजरेच्या रेषेतच दूर चालली होती. नजरेची रेषा आणि रस्त्याचा उतार यांत सुमारे १२ अंशांचा कोन. १२ अंशांची साइन ०.२१, म्हणजे ६५ पैकी नजरेला आडवे फक्त १३-१४ सेंटीमीटर. तेही डावी-उजवीकडे फारसे नाहीत, मुख्यतः वरच्या दिशेने. फलाटाच्या टोकाला उभं राहून दूर जाणारी गाडी पाहा. ती जागच्या जागी लहान होत जाते, तसं. आडव्या मोटारीमागे नळी सेकंदाला साडेतीन अंश फिरवावी लागली असती, इथे पाऊण अंशात भागतं.

एफबीआयला या दुर्बिणीत दोष सापडला होता: गोळ्या काही इंच वर आणि किंचित उजवीकडे लागत. दूर जाणाऱ्या लक्ष्यासाठी हा दोष सोयीचाच, असं शस्त्रतज्ज्ञ रॉबर्ट फ्रेझियर यांनी आयोगाला सांगितलं. रायफल नंतर खोक्यांमध्ये टाकताना दुर्बीण हलली असू शकते, म्हणून यावर फार भार टाकू नये.

आणि ओसवाल्ड सुमार नेमबाज होता, हा आक्षेप? अमेरिकी मरीन सैन्यदलात १९५६ साली ओसवाल्डला २५० पैकी २१२ गुण होते, १९५९ साली १९१. दुसरा आकडा खरंच काठावरचा. पण ती चाचणी २०० ते ५०० यार्डांवरची असते. इथे होते ८८ यार्ड.

 

हेतूपाशी मात्र साइन कामाला येत नाही. ओसवाल्ड मार्क्सवादी, १९५९ ते १९६२ सोव्हिएत संघात राहिलेला. आयोगाच्या मते त्याने एप्रिल १९६३ मध्ये कडव्या उजव्या जनरल वॉकरवरही गोळी झाडली होती. टेबलाशी बसलेला वॉकर वाचला, कारण गोळी खिडकीच्या चौकटीला घासली. मग त्याच ओसवाल्डने वॉकरचे विरोधक केनेडी का मारावेत? पत्नी मरीनाच्या साक्षीनुसार तो केनेडींबद्दल चांगलंच बोलायचा. निव्वळ विचारसरणीने हे कोडं सुटत नाही. नाव गाजवायची हाव हे कारण मला अधिक पटतं, पण दोनच दिवसांत जॅक रूबी या नाइटक्लब मालकाने त्याला गोळी घातली आणि खटला उभाच राहिला नाही. पुस्तकांच्या गोदामातली नोकरी त्याला ऑक्टोबरमध्ये लागली, ताफ्याचा मार्ग नोव्हेंबरमध्ये ठरला. त्या शुक्रवारी सकाळी त्याने लग्नाची अंगठी एका कपात आणि १७० डॉलर पाकिटात, घरीच ठेवले होते.