सर्व वर्तुळे समरूपच असतात
‘समान त्रिज्येचीच वर्तुळे समरूप’ हे विधान नागपुरात दहावीच्या शिकवण्यांमधून आजही ऐकू येते. ते चुकीचे आहे. समान त्रिज्या ही एकरूपतेची (आकार व आकारमान दोन्ही सारखे असण्याची) अट आहे, समरूपतेची (केवळ आकार सारखा असण्याची) नव्हे. शाळेत समरूपता त्रिकोणांतून शिकवली जाते आणि वर्तुळाला कोन वा बाजू नसल्याने तुलना कशाची करावी हेच उमगत नाही, हे माझ्या मते गोंधळाचे मूळ आहे. वस्तुतः एक वर्तुळ सरकवून दोन्हींची केंद्रे जुळवली आणि त्याची त्रिज्या योग्य पटीत वाढवली, की ते दुसऱ्यावर तंतोतंत बसते. दीक्षाभूमीच्या घुमटाचा व्यास १२० फूट आहे. २ इंच व्यासाची बांगडी ७२० पट मोठी केल्यास तेवढेच वर्तुळ मिळते. परीघ व व्यास यांचे गुणोत्तर सर्वत्र एकच राहते, ते यामुळेच. मोठे वर्तुळ ‘सपाट’ भासते, हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण तेव्हा आपण सारख्या लांबीचे कंस (परिघाचे तुकडे) पाहत असतो, आणि सारख्या केंद्रीय कोनाचे (कंसाच्या टोकांकडे जाणाऱ्या दोन त्रिज्यांमधील कोनाचे) कंस घेतले तर तो फरक केवळ आकारमानाचा उरतो. लंबवर्तुळे मात्र त्यांच्या दोन अक्षांचे गुणोत्तर सारखे असेल तरच समरूप ठरतात.